अक्का सुखात हाय, असं मीच सांगितलं

प्रिय अक्का,

तू जाऊन चार महिने झाले. जिवंतपणी तुला एक ओळ कधी लिहिली न्हाय. काल तुझी कळंबची शेजारीण गंगाबाई लग्नाला म्हणून सास्तूरला आली होती. अव्वाला भेटायला घरी आली आणि ओसरीवर बसून तिनं जे सांगितलं, त्यानंतर मला घास उतरंना झालाय. म्हणून लिहितोय.

लग्नात तू किती किरकोळ होतीस! वारं सुटलं की माझ्या लेकीला धरून ठेवा, असं अव्वा म्हणायची. आडत दुकानदाराच्या घरी पडलीस, धान्याला कमी न्हाय, म्हणून आम्ही खूश होतो.

मग तुझा बसू गेला. तीन वर्षांचं पोर. पंचमीला मीच तुम्हा दोघांना इकडं आणलं होतं. परत गेल्यावर तापानं चार दिवसांत आटोपलं. त्यानंतर तू माहेरी आली न्हाईस. का, हे मी विचारलं का गं तुला?

तू अंगानं भरत गेलीस. दर खेपेला जास्त. निजामाच्या सक्तीच्या लेव्हीत घराघरातली ज्वारी जायची, गावात माणसांच्या गालांची हाडं वर आलेली, आणि तू अशी. तुझ्या सासूबाई पाहुण्यांना कौतुकानं दाखवायच्या, आमच्या घरचं अन्न बघा म्हणून. मीही घरी येऊन अव्वाला सांगितलं, अक्का सुखात हाय, सुख मानवलंय तिला. अव्वानं महादेवाला नारळ फोडला.

गंगाबाई म्हणाली, बसू गेला तेव्हा दाजी एवढंच बोलले, की माहेरी नेऊन पोर घालवलंस. त्यानंतर सहा वर्षं तुझ्याशी एक शब्द न्हाय. पाणी हवं असलं तरी आईला सांगायचे, तिला म्हणावं तांब्या ठेव. दुपारी सगळी कलंडली की तू कोठीत जाऊन बसायचीस. गूळ, शेंगदाणे, शिळी भाकर, हाताला येईल ते. एवढी भूक लागती का, असं गंगाबाईनं एकदा विचारलं.

"भूक न्हाय," तू म्हणालीस. "तोंडात घास असला की बोलायची आठवण येत न्हाय."

हे मला का सांगितलं न्हाईस? असं लिहितोय खरं, पण सांगितलं होतंस. गेल्या दिवाळीच्या आधी मी परतायला गाडी जुंपत होतो. तू दारापर्यंत आलीस, तेवढ्यानं तुला धाप लागली. पाय सुजलेले होते.

"मला नेतोस का रे? थोडे दिस."

"तुला बसवलं तर बैल मरतील की गं," मी म्हणालो.

तूही हसलीस. पदर सारखा केलास आणि आत गेलीस. वाटेत मला ते आठवलंसुद्धा न्हाय.

पौषात खबर आली. चुलीपुढं बसल्या बसल्या गेलीस. आपल्या रीतीप्रमाणं बसवून माती द्यायची, तर खड्डा दोनदा रुंद करावा लागला. खात्यापित्या घरची होती, असं तिथंही कुणी म्हणालं आणि मी मान हलवली. माती लोटताना दाजी वाकून तुझ्याशी काहीतरी पुटपुटले. सहा वर्षांतलं ते पहिलं बोलणं होतं, हे मला काल कळलं.

अव्वा कालपासून भिंतीकडं तोंड करून पडलीय. तिला काय सांगू? खोटी खबर तर मीच आणत होतो.

आपल्या धाकट्या बहिणीचं, कमळीचं लग्न परंड्याला ठरतंय. अक्का, तिच्या सासरी गेलो की नुसतं तिचं अंग बघून मी परतणार न्हाय. तिला बाजूला घेऊन बसेन आणि विचारीन. ने म्हणाली, तर त्याच पावली घेऊन येईन. काही बोलली न्हाय, तरी घेऊन येईन.

तुला ओळखू न शकलेला,
तुझा भाऊ शिवलिंग