मावशी, तुझ्या गॅसने काहीही जळलं नव्हतं

प्रिय कुसुममावशी,

आज तुझ्या नावाचं पाकीट आलं. तुझं टपाल माझ्याकडे वळवलंय ना, म्हणून. उघडलं तर आत फॉर्म. आमच्या सेवेबद्दल आपण किती समाधानी आहात? एक ते पाचपैकी एका आकड्याभोवती गोल करा.

तू जाऊन तीन आठवडे झाले, आणि माझ्याच काउन्सेलिंगच्या ऑफिसने, माझ्या शेजारच्या टेबलावरून, तुला हे विचारलंय! मी तो कागद टराटरा फाडला. शिरीष म्हणाला, "अगं, त्यांना कळवायचं राहिलं असेल." राहिलं असेल! काय काय राहून गेलं ते आज लिहूनच काढते. त्यांच्यावर चिडलेय, स्वतःवर चिडलेय, आणि हो, तुझ्यावरही.

आपलं नातं तसं काहीच नाही. नवऱ्याला, शिरीषला, इंग्लंडात ब्रॅकनेलला नोकरी लागली म्हणून मी डिपेंडंट व्हिसावर आले, आणि इथल्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला तू भेटलीस. बर्मिंगहॅमला तीस वर्षं नर्स होतीस, रिटायर झाल्यावर काकांच्या हट्टापायी इकडे हीथच्या, त्या झुडपाळ माळाच्या, कडेला लाकडी बंगली घेतलीत, आणि काका गेल्यावर तिथे एकटीच राहत होतीस. मी 'अहो मावशी' म्हटलं तर म्हणालीस, "अहो काय? मी तुझी मेट्रन आहे का?" फोनकार्ड खरवडून नागपूरला आईशी बोलले आणि रडू आलं, की मी तुझ्याकडे यायचे. मी तोंड उघडायच्या आत तू म्हणायचीस, "आधी जेव." माझा चेहरा तुला दारातच वाचता यायचा. मग तुझा मला का नाही वाचता आला गं?

त्या एप्रिलच्या दुपारी तू मटकीची उसळ शिजत ठेवली होतीस. कित्येक दिवस पाऊस नव्हता, वारा सुटला होता, आणि त्या उघड्या माळावरची वाळकी झुडपं पेटली. पोलिसाने दार बडवलं. तू गोळ्यांची पिशवी उचललीस आणि घरातल्या सपातांवर निघालीस. तुझी बंगली गेली, शेजारच्या आर्थरचं घर गेलं, गल्लीतली आणखी तीन गेली. माणसं सगळी वाचली.

'माणसं सगळी वाचली'! हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की आता त्याचा तिटकारा आलाय. कौन्सिलचा माणूस तेच म्हणाला, मंडळातल्या बायका तेच म्हणाल्या. मीही म्हणाले, "तू वाचलीस ना, बाकीचं जाऊ दे." काकांनी स्वतः रंधा मारून केलेली कपाटं, त्यांची पत्रं, तुझे लग्नातले फोटो. जाऊ दे म्हणे!

पहिले दोन महिने सगळी धावपळ होती. गावच्या हॉलमध्ये चहा, ब्लँकेटं, गळ्यात ओळखपत्र अडकवलेले काउन्सेलर. मला त्यांच्याकडेच टायपिंगचं काम मिळालं; अर्ज तूच करायला लावलास. मग हॉल बंद झाला. का, तर आणीबाणी संपली! आता काउन्सेलिंग शहरातल्या क्लिनिकमध्ये, एकेकाचं, बंद दाराआड. तिथे जाणारी बस एकच, आणि ती जाते कुठून? त्या जळलेल्या हीथच्या मधोमध. ज्या माणसांची झोप त्या आगीने उडवली, त्यांना बरं होण्यासाठी त्याच काळ्या माळावरून जायला सांगत होतो आम्ही! एकाच्याही डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही.

तू मला म्हणालीस, "बस चुकली." दुसऱ्या वेळी म्हणालीस, "गुडघा दुखत होता." आणि मी मान डोलावली.

तुला कौन्सिलने फ्लॅट दिला, तेव्हा ऑगस्टमध्ये मी आले होते. तू इलेक्ट्रिक केटलमध्ये चहाचं पाणी ठेवलंस आणि माझ्याकडे पाठ करून म्हणालीस, "मंजू, माझा गॅस चालूच राहिला होता. बारीक केला होता, बंद नव्हता केला. आर्थरचं घर माझ्यामुळे गेलं."

मी हसले, मावशी. खरंच हसले! "काहीतरीच काय! आग माळाच्या त्या टोकाला लागली. फायर ब्रिगेडने सांगितलंय की." तू "हो, तेही खरंच" म्हणालीस आणि बिस्किटं पुढे केलीस. मला वाटलं, पटलं तुला. डोक्याला पटलेलं पोटात उतरतंच असं नाही, हे मला कुठे ठाऊक होतं? पण तुला तर ठाऊक होतं ना! तू नर्स होतीस! आयुष्यभर दुसऱ्यांना "लाजू नका, सांगा" म्हणालीस, आणि स्वतःची वेळ आली तर काउन्सेलरच्या प्रश्नावलीत सगळीकडे 'अजिबात नाही'वर खूण! नंतर मला म्हणतेस, "कागदावर कोण रडतं गं?"

आणि मी तरी काय पाहत होते? तुझ्या देवांपुढे दिवा नव्हता. चाळीस वर्षं संध्याकाळचा दिवा न चुकवलेली बाई तू, आणि निरांजन कोरडं, वातीसकट फडताळात. त्या इंग्रज काउन्सेलरला त्याचा अर्थ कळला नसता, मला कळायला हवा होता. तू पोहे भिजवून दह्यात खात होतीस. मी म्हटलं, कंटाळा येत असेल एकटीला रांधायचा. नोव्हेंबरात घरात दोन स्वेटर आणि शाल. घर गरम ठेवणाऱ्या बॉयलरच्या त्या बारक्या खिडकीतून निळी ज्योत दिसते म्हणून तू तो बंद करून घेतला होतास, आणि मी समजत होते तू काटकसर करतेस! मी विजेचा हीटर आणला, तर "त्याच्या तारा लाल होतात" म्हणून परत पाठवलास. तरीही माझी ट्यूब पेटली नाही.

आता सगळ्यात वाईट ते सांगते. तुला सप्टेंबरमध्ये जे पत्र आलं, 'दोन भेटींना आपण आला नाहीत, सबब आपली फाइल बंद करत आहोत', ते मी छापलं होतं. गठ्ठाच होता. तुझं नाव वाचलं, पत्राची घडी घातली, पाकिटात सरकवलं. मनात आलं, मावशी बरी झाली वाटतं. दुपारच्या टपालात टाकून सँडविच खायला गेले.

जानेवारीत वरच्या मजल्यावरच्या बाईने ॲम्ब्युलन्स बोलावली. तो ॲम्ब्युलन्सवाला मला म्हणाला, "बाहेरच्यापेक्षा आत जास्त थंडी होती." न्यूमोनिया. हॉस्पिटलात दुसऱ्या दिवशी तू माझा हात धरून म्हणालीस, "त्या बसमध्ये बसले होते गं एकदा. पहिल्याच स्टॉपला उतरले. चालत घरी आले." एवढंच. तिसऱ्या दिवशी तू गेलीस.

बस चुकली नव्हती तर! मला फोन का नाही केलास? माझ्याकडे गाडी होती, मावशी! दर मंगळवारी ऑफिसच्या कामाने मी त्याच क्लिनिकमध्ये जात होते!

तुझ्या दिवसांनंतर ऑफिसला गेले आणि बंद केलेल्या फाइलींचे पत्ते काढले. बहुतेक तुझ्याच जुन्या गल्लीचे. सगळे त्याच एका बसवर अवलंबून. यादी हेलनपुढे आपटली. ती आमची मॅनेजर, तशी वाईट नाही. म्हणाली, "मंजिरी, लोकांना आपण ओढून तर आणू शकत नाही. प्रोसेस आहे." मी ओरडले. ऑफिसात, आयुष्यात पहिल्यांदा. "प्रोसेसने माझी मावशी मेली!" हेलन खूप मऊ आवाजात म्हणाली, "तू दुःखात आहेस. कुणाशी तरी बोलायला हवंस. सहा आठवड्यांची वेटिंग लिस्ट आहे, नाव घालू का?"

हसावं का रडावं, सांग!

शनिवारी मी आर्थरकडे गेले. मुलीच्या घरामागच्या खोलीत राहतो आता. त्यालाही तेच पत्र आलेलं. तू गेल्याचं त्याला माहीत नव्हतं. मी सांगितलं, आणि गॅसचंही सांगितलं. म्हटलं, त्याचं घर गेलं होतं, त्याला कळायला हवं तू काय उरात घेऊन बसली होतीस.  तो म्हणाला, "कुसुमला तसं वाटत होतं? पण ते तर माझ्यामुळे झालं. त्या सकाळी मी मागच्या कुंपणावर तंबाखूचा पाइप झटकला होता. मी कुणाला बोललो नाही."

मावशी, ऐकतेयस ना? तू आर्थरच्या घरासाठी झुरत होतीस आणि आर्थर तुझ्या घरासाठी! त्या हॉलमध्ये तुम्ही दोघं दोन खुर्च्या सोडून बसला होतात, मी स्वतः तुम्हाला चहा दिला होता. आणखी एक महिना तो हॉल उघडा राहिला असता, तर एखाद्या दिवशी तुमच्यातलं एकजण दुसऱ्याला 'सॉरी' म्हणालं असतं. दुसऱ्याने विचारलं असतं, 'कशाबद्दल?' एवढंच लागत होतं! त्याऐवजी आम्ही तुम्हाला वेगवेगळ्या तारखा दिल्या.

आर्थरला मी समजावलं नाही, यावेळी नाही. तो रडेपर्यंत बसले आणि तो थांबल्यावरही बसले. निघताना तो म्हणाला, "बाकीच्यांनाही विचारायला हवं. गल्लीतल्या बॉबला, त्या बेकरीवाल्या जोडप्याला. कुणास ठाऊक, कोण काय धरून बसलंय."

तेव्हा आता ऐक. हॉलची किल्ली मी मिळवलीय. दर गुरुवारी सकाळी दहाला तो उघडेल. आर्थर पहिला बोलणार आहे, त्याने स्वतःच तसं सांगितलंय. जे येणार नाहीत त्यांच्या दारी मी जाईन, आणि माळाला वळसा घालणाऱ्या लांबच्या रस्त्याने गाडीतून आणेन. 'फाइल बंद' असं एकही पत्र, त्या माणसाला डोळ्यांनी पाहिल्याशिवाय, माझ्या हातून पोस्टात पडणार नाही. हेलनला हे लेखी दिलंय. काढतील नोकरीवरून तर काढोत.

तुला वचन देते, मावशी. माझा राग निवेल कधीतरी, पण गुरुवार चुकणार नाही.

तुझी, अजून धुमसणारी,
मंजू