काशीरामच्या नावाची गाडी

५ जानेवारी, रविवार
भांडुपची खोली सोडून आज चारकोपला मुलाकडे कायमचा राहायला आलो. सूनबाईने, रुचिराने, खिडकीजवळ माझी कॉट लावली आहे. समोरच्या शेडमध्ये सुयोगची लाल स्पोर्ट्‌स कार आहे, दोन माणसांची, पन्नास वर्षांपूर्वीची. सगळी खोलून, गंज काढून तो ती नवी करणार. म्हणाला, बाबा, जन्मभर गिरणीत मशीनं खोललीत, आता नुसता चहा ढोसू नका, हाताखाली या. फार बरं वाटलं. आमच्या खात्यात मशीन खोलण्याआधी फिटर स्वतःच्या नावाची पाटी त्यावर बांधायचा. परत जोडून चालू होईपर्यंत मशीन त्याच्या जिवावर. सवयीने मीही पुठ्ठ्यावर ‘काशीराम’ लिहून स्टिअरिंगला बांधलं. सुयोग हसला.

८ जानेवारी
हॉर्न काढला. पिशवीत घालून चिठ्ठी लावली. तेव्हापासून माझा आवाज पार गेला आहे. मिठाच्या गुळण्या केल्या, उपयोग नाही. रुचिरा म्हणाली, घर कसं शांत शांत झालं. थंडीचं असेल.

११ जानेवारी
उजवा दिवा उतरवला आणि उजव्या डोळ्यापुढे अंधार आला. कागदावर लिहून सुयोगला दाखवलं. म्हणाला, मोतीबिंदू, या वयात काय नवीन. मला झोप नाही.

१३ जानेवारी
दोघे कामावर गेल्यावर हॉर्न परत बसवला. शेवटचा बोल्ट आवळला आणि आवाज आला. आधी माझ्या रत्नप्रभेचं नाव घेतलं. तिला जाऊन नऊ वर्षं झाली. मग पाटी कापून फेकली. पण दिवा सुयोगने पॉलिशला बाहेर दिलाय, म्हणून डोळा तसाच. गिरणीतही पाटी काढून कोणी सुटत नसे. मशीन चालू करून द्यावं लागे.

१४ जानेवारी
सुयोगला सगळं तोंडाने सांगायला बसलो. त्याचं लक्ष हॉर्नकडे. चिडला, म्हणाला, माझी तीन दिवसांची मेहनत, तुम्हाला मधे हात घालायला कोणी सांगितलं. मी बोलत असतानाच त्याने बोल्ट सोडले. माझं वाक्य अर्ध्यावर राहिलं. म्हणाला, आता रुसून गप्प बसा.

१६ जानेवारी
डावं चाक गेलं. डावा पाय गेला. कॉटवरून उठता येत नाही. चिठ्ठी लिहिली — इंजिन काढू नको, मी मरेन. सुयोगने रुचिराला वाचून दाखवली. म्हणाला, सातवी नापास माणूस, पण लिहितो बघ कसा. रविवारी इंजिन निघू दे, सोमवारी डॉक्टरकडे नेतो.

१८ जानेवारी
दुसरी चिठ्ठी त्याने उघडलीच नाही. याला मी वाढवलं.

१९ जानेवारी, रविवार, सकाळ
साखळी अडकवली. खिडकीतून दिसतंय. गजावर वाटी आपटली — सुयोगने बघितलं. त्याने अंगठा दाखवला. त्याला वाटलं, मी शाबासकी देतोय.
पहिला बोल्ट. छातीत —
दुसरा. हात गार —
साखळी ताणली. तो रुचिराला सांगतोय, वाटलं होतं जाम असेल, हे तर अगदी सहज नि