नाव बरोबर सांगितलं

॥ श्री ॥

नागपूर, ता. ३ डिसेंबर १९५७

तीर्थरूप भाऊंना धाकट्या बहिणीचा शि. सा. न. वि. वि.

यांना शुद्ध आली. आलापल्लीच्या जंगलात सागाची फांदी डोक्यात पडली तेव्हापासून मी देवाकडे एवढंच मागत होते. आता शुद्ध आली तर दुसरंच भय मागे लागलं आहे.

आज डॉक्टरांनी यांच्या स्मरणाची परीक्षा घेतली. बैल, दिवा, चिंच, घागर असे शब्द ऐकवले आणि थोड्या वेळाने परत विचारले. यांना चिंच तेवढी आठवली. आंबटाची आवड काही सुटायची नाही. गावाचं नाव सांगितलं, फॉरेस्टगार्डची नोकरी सांगितली, चंदाचं नावही सांगितलं. मग बायकोचं नाव विचारलं तर मान खाली घातली आणि गप्प. डॉक्टर म्हणाले, बायकोचं नाव आठवत नाही म्हणजे बरंच काही गेलं आहे. माझ्याशीही फार बोलत नाहीत, पाणी तेवढं मागतात. इथली नर्सबाई दिवसभर कमळाबाई, कमळाबाई करून धीर देते, तेवढाच आधार.

चंदाला आणू नका. बापाचं बांधलेलं डोकं पाहून पोर भिईल. वहिनींना नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
कमळा

॥ श्री ॥

मूल, ता. ७ डिसेंबर १९५७

चि. सौ. कमळा हिस रामाजीचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून तुझी वहिनी रडली आणि मी हसलो. रागावू नकोस. अगं, वारलूने तुझं नाव घेतलेलं कधी ऐकलं आहेस का? लग्नात बायांनी नाव घ्या म्हणून अडवलं तर हा मांडवामागून पळाला, आणि मला त्याला खळ्यातून धरून आणावं लागलं. आजवर 'चंदाची माय' याशिवाय त्याने तुला हाक मारलेली नाही. तो परक्या माणसासमोर, आणि तू उशाशी उभी असताना, तुझं नाव घेईल होय? आपल्याकडे कोणता नवरा घेतो? डॉक्टरांनी लाजेलाच विसर समजलं. त्यांना हे नीट सांग आणि पुन्हा विचारायला लाव.

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते काही खोटं नाही. लहानपणी तू बांधावरच्या बेडकालासुद्धा भ्यायचीस. खळ्यात बैल फिरवून धानाचं चुरणं चालू आहे, ते उरकलं की येतो. चंदा मजेत आहे, रोज माय कधी येते म्हणून विचारते. आमचा जीव तुम्हा दोघांपाशी आहे, हे सांगायला नको.

तुझा भाऊ,
रामाजी

॥ श्री ॥

नागपूर, ता. १२ डिसेंबर १९५७

तीर्थरूप भाऊंना शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र घेऊन लगेच डॉक्टरांकडे गेले. माणूस भला, ऐकून घेतलं. यांच्याजवळ आले आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, बायकोचं नाव घ्यायला लाजता तर राहू द्या, या समोर उभ्या आहेत त्यांचं नाव काय? यांनी जरासुद्धा न अडखळता सांगितलं, कमळाबाई.

डॉक्टर खूश झाले. नाव बरोबर सांगितलं, आता काळजी नाही, पुढच्या सोमवारी घरी न्या आणि कामावर जाऊ द्या, म्हणाले. मला मात्र ते पटेना. सगळ्यांसमोर, मोकळ्या तोंडाने, आणि वर बाई लावून? नर्सबाई हाक मारते तसंच?

डॉक्टर गेल्यावर यांनी मला हात जोडले. म्हणाले, "कमळाबाई, तुमी लय केलं माह्यासाठी. आता चंदाच्या मायले निरोप धाडा, मी इथी हावो म्हणा. थे लय भेते."

भाऊ, इतके दिवस मी यांना दवाखान्यातलीच कोणी बाई वाटत होते.

डॉक्टरांना जाऊन सांगितलं. ते म्हणाले, गप्प बसले तेही बरोबर आणि बोलले ते चूक, असं कसं धरायचं, बाई? कोणी मोठं माणूस घेऊन या. त्यांचंही काय चुकलं? पण ज्याला बायकोचं तोंड ओळखू येत नाही, त्याला जंगलातली वाट ओळखू येईल का? तिथे चुकलेला माणूस घरी येत नाही, हे आपण जाणतो.

चुरणं राहू द्या, पत्र मिळताच निघा. आणि चंदाला आणाच. ती यांच्यासमोर मला माय म्हणून बिलगली तर कदाचित यांना उमजेल. मला ती एकच परीक्षा खरी वाटते. तिने हाक मारूनही यांनी मला ओळखलं नाही तर मी काय करू, हे मात्र पत्रातून सांगू नका. समोर येऊन सांगा. वाटेकडे डोळे लावून बसले आहे.

तुमची,
चंदाची माय