बासष्ट खांब

१२ मार्च

कुंपणाचा खरा खर्च, एकदाच लिहून टाकतो. सिमेंटचे खांब बासष्ट. काटेरी तार, पाच पदरी. मजूर चार, दिवस तीन. चहा मोजला नाही. मोजला असता तर अंगणात टपरीच टाकली असती. आणि सावळारामचं सकाळचं “पेंटर, उठलास का?” — ते बंद. अकरा वर्षं फुकट मिळत होतं, म्हणून अंदाजपत्रकात धरलंच नव्हतं!

कारणही लिहून ठेवतो, म्हातारपणी विसरायला नको. सावळाराम म्हणजे माझा शेजारी, बांधाला बांध. त्याच्या दोन म्हशींनी माझी केशर आंब्याची सात कलमं खाल्ली. तिसऱ्या वर्षाची. नुसते शेंडे नाहीत, बुडापर्यंत. सांगायला गेलो तर म्हणतो, “म्हशीला काय ठावं, केसर हाय का रायवळ?”

बरोबर आहे. म्हशीला समजावता येत नाही. म्हणून तार.

१५ मार्च

तारेवर बोर्ड लावला. स्वतःच्या हाताने रंगवला. दुकानात फ्लेक्सचं मशीन आहे, पण कुंचल्याची गोष्ट वेगळी. सोळाव्या वर्षी डोळखांबहून एक कुंचला आणि रंगाचे दोन डबे घेऊन शहापुरात उतरलो. खताच्या जाहिराती भिंतीभिंतीवर रंगवत किन्हवलीपर्यंत पायी गेलोय. आज तालुक्यातल्या निम्म्या वाढदिवसांचे बॅनर माझ्याकडून जातात. ज्यांना स्वतःची जन्मतारीख ठाऊक नाही त्यांचेसुद्धा.

मजकूर — ‘खाजगी मालमत्ता. परवानगीशिवाय आत येणाऱ्यावर कायदेशीर कारवाई होईल.’ पांढऱ्यावर लाल.

बायको, अनिता, कमरेवर हात ठेवून वाचत उभी राहिली. “इथून जातं कोण? सावळारामभाऊ, कमळवहिनी आणि दोन म्हशी. त्यात वाचता येतं एकट्या भाऊंना. मग सरळ नावच घाला की!”

“नाव घातलं की ते वैयक्तिक होतं,” मी म्हणालो.

ती आत गेली. भांड्यांचा आवाज नेहमीपेक्षा जास्त होता.

१९ मार्च

सावळारामची राबाची जागा माझ्या जमिनीच्या मागे, ओहोळाच्या अंगाला. त्याचं सगळं वर्ष त्या तुकड्यावर. तिथे शेण, पातेरा, टहाळ पसरून जाळायचं, त्या राखेत भाताचं रोप करायचं, तेच रोप चार एकरांत लावायचं. राब नाही तर रोप नाही. रोप नाही तर भात नाही.

आजवर त्याची बैलगाडी माझ्यातून जायची. दहा मिनिटं. आता कमळवहिनी — त्याची बायको — डोक्यावर भारा घेऊन ओहोळातून वळसा घालते. पाऊण तास. मुद्दाम मोजला नाही. ओटीवर बसलो होतो, घड्याळ हाताला होतं.

आमच्याकडे वई म्हणजे काट्यांचं कुंपण, आणि ते चार महिन्यांचं. पेरणीला बांधायचं, भात कापलं की मोडायचं. मग गुरं, गाड्या, माणसं कुणाच्याही शेतातून कुठेही. हे मला माहीत नाही असं नाही. माझ्या बापाने जन्मभर दर दिवाळीला वई मोडली. पण सिमेंटचा खांब दिवाळीला मोडत नाही, हीच तर त्याची खुबी. खांबवाल्याने तेच सांगून गळ्यात मारला.

कमळवहिनी भारा सावरत बोलत होती, “तार घातली ती घातली, वर पाटी पन लावली! आमी काय चोर हाव?”

माझे कान तिखट. बाजारात गिऱ्हाईक तीन दुकानं पलीकडे भाव विचारतं तो मला इकडे ऐकू येतो. सगळा धंदा त्याच्यावर उभा राहिला.

सावळाराम एकदा म्हणाला असता, “पेंटर, एक फाटक ठेव,” तर ठेवलं असतं. पण मागायला तोंड नको का!

२३ मार्च

उत्तर आलं. गंजका पत्रा, त्यावर डांबराने — ‘शेठ, आपल्या हद्दीत राहा.’

शेठ! अकरा वर्षांचा पेंटर एका रात्रीत शेठ झाला, तोही डांबरात. अक्षरं उजवीकडे घसरत गेलेली, ‘राहा’ला जागाच उरली नाही. खरं सांगतो, अपमानापेक्षा त्या मांडणीचा त्रास जास्त झाला. दुपारचं जेवण गेलं नाही.

२ एप्रिल

आजचा दिवस लिहून ठेवण्यासारखा.

दुकानात प्रणित आला. सावळारामचा मुलगा, कल्याणला कंपनीत आहे. मोटारसायकल लावली, हेल्मेट काढलं.

“काका, एक फ्लेक्स पायजे. सा बाय चार.”

“वाढदिवस?”

“नाय. तुमच्याविरुद्ध.”

गिऱ्हाईक सरळ बोललं की मला बरं वाटतं. “मग दुसरीकडे नाही गेलास?”

“गेलतो. म्हाग सांगतात. नि तुमचा रंग उडत नाय.”

त्याने मोबाइलमधून मजकूर वाचून दाखवला — ‘तारेच्या आत राहतो तो मालक का कैदी?’

मी चष्मा काढून पुसला. माझ्या बोर्डापेक्षा शंभर पटीने चांगला! “कुणी लिहिलं रे?”

“आयनी. ती बोलली, मी टायपून घेतलं.”

जिला अक्षर येत नाही ती हे बोलते, आणि मी तीस वर्षं लोकांना ‘हार्दिक शुभेच्छा’ लिहून देतोय.

“काळ्यावर पिवळं घे,” मी म्हणालो. “रस्त्यावरून दिसतं. आणि ‘कैदी’ तेवढं लाल कर.”

“काका, तुमी नक्की कोनाच्या बाजूचे?”

“गिऱ्हाइकाच्या.”

पक्कं बिल दिलं. दहा टक्के कमी केले, शेजारी म्हणून.

घरी सांगितलं तर अनिता बघतच राहिली. “स्वतःच्या तोंडाला काळं फासायचे पैसे घेतलेत?”

“ॲडव्हान्स.”

३ एप्रिल

बोर्ड लागला. छान दिसतो. पिवळं बरोबर सुचवलं होतं मी.

११ एप्रिल

मी लावला — ‘आधी म्हशी बांधा, मग बोला.’

त्यांनी लावला — ‘म्हशी बांधल्या. शेठला कोण बांधणार?’ हाही माझ्याच मशीनवर निघाला. शेणव्याकडे जाणारे लोक गाड्या थांबवून वाचतात. नाक्यावर चहावाला मला विचारतो, “शेठ, आज काय नवीन?” पेपर मागवायचा बंद केला म्हणे त्याने.

तिथेच दुसरं कानावर आलं. सावळाराम सांगत फिरतोय — “शेठ हातभर माझ्यात आलाय.”

हातभर! आता हे बोर्डाने भागायचं नाही. सरकारी मोजणी. अर्ज उद्याच.

२७ एप्रिल

मुरबाडहून साडू आले, लडकू. गाडीतून उतरायच्या आधीच, “साडूभाऊ, तुमच्या घरापेक्षा तुमचं भांडण लांबून दिसतं!”

पण रस्त्याचं कौतुक केलं त्यांनी. “आमच्या सिद्धगडाकडं गाडीचं पोट खरडतं, तुमच्या दारापर्यंत पान्यासारखी आली.” मग मीही सांगितलं. जमीन घेतली तेव्हा डांबरी सडकेपासून इथवर नुसती पायवाट. विकणाऱ्याने हात लांब करून दाखवलं, “ही वाट तुमची,” आणि पैसे मोजून घेतले. मी मुरूम टाकला, रोलर फिरवला. ना पंचायतीचा दगड, ना पुढाऱ्याचा नारळ. अकरा वर्षांत कुणाच्या मातीवर पाय ठेवला नाही, कुणाचं उपकाराचं पाणी प्यालो नाही. स्वतःच्या रस्त्याने स्वतःच्या घरी येतो — असं तालुक्यात किती जणांना म्हणता येईल?

“खरं हाय,” लडकू म्हणाले आणि कोंबडीचा तिसरा तुकडा उचलला.

संध्याकाळी मागून धूर आला. सावळारामने राब पेटवला. दरवर्षीच्या निम्मा. डोक्यावरून जेवढा नेला तेवढाच.

अनिता धुराकडे बघत होती. मी तिच्याकडे बघितलं नाही.

६ मे

मोजणीची तारीख आली. नोटीस सावळारामलाही गेली. त्याने घेतली म्हणे, दोनदा वाचली, घडी करून टोपीत ठेवली. ठेवू दे. टोपीत ठेवून हद्द सरकत नाही.

१९ मे

मोजणी झाली. साहेब तीन पायांचं यंत्र घेऊन आले, हातात काठी, काठीवर टोपण. मी छत्री धरून मागे. तारेशी मोजलं, ओहोळाशी मोजलं, मग पार डांबरीपर्यंत जाऊन आले. म्हटलं, फी भरली आहे, फिरू दे.

विचारलं, “साहेब, तार बरोबर?”

“नकाशा आल्यावर कळेल.”

सरकारी माणसाचा हा गुण मला घेता आला असता तर मी आज मंत्री असतो.

सावळाराम लांब उभा. मला एक शब्द नाही. साहेबांना मात्र ताडगोळे सोलून दिले. शेवटी साहेबांनी त्याला झाडाखाली बसवून जबाब लिहून घेतला. बराच वेळ वाचत होता, मग सही केली. घाबरला असणार. हातभर म्हणणाऱ्याने आधी हात मोजायचा असतो.

२८ मे

कमळवहिनी पडली. ओहोळातल्या दगडावरून, डोक्यावर बियाण्याची पाटी. मनगट मोडलं. शहापुरात नेऊन प्लास्टर केलं. बियाणं ओहोळात सांडलं ते चिमण्यांनी खाल्लं.

नांगरटीला सांगितलेला पॉवर टिलरही आला होता. ओहोळाच्या दरडीवरून उतरेना. चालक भाडं न घेता परत गेला. राब भाजून पडलाय, पावसाआधीची धूळवाफेची पेरणी आठवड्यात झाली नाही तर मग चिखलात कोण पेरतो?

दुपारी मी उरलेल्या कलमांना आळी करत होतो. तारेपलीकडे नवरा-बायको जांभळाखाली बसलेली. मी खाली वाकलेला, त्यांना दिसलो नाही.

“औंदा रोप इकत घेऊ,” सावळाराम.

“चार एकराला? कोन देतो? त्यापरीस तांदूळच इकत आना, शेती कशाला करता.”

“मंग बोलू का पेंटरला?”

पेंटर म्हणाला. शेठ नाही.

“नको,” कमळवहिनी म्हणाली. “पाटी लावलीय त्यानी. पाटी लावलेल्या दारात मी तुमाला मागायला जाऊ देनार नाय. पडीक ऱ्हाऊ दे एक साल.”



मी तसाच वाकून बसलो. किती वेळ, ठाऊक नाही. पाठ धरली. तिखट कानांचा असाही एक तोटा आहे, तो आज कळला.

३० मे

दोन खांब काढले. पहार मीच घेतली. मजूर सांगितला असता, पण मग गावाला आधी कळलं असतं आणि मला मागून. बारा फूट वाट. टिलर काय, ट्रॅक्टर जाईल.

बाकीचं खरं ते लिहितो. नाक्यावर जाऊन सांगितलं — जमीन माझी, तार माझी, पण शेजाऱ्याचं वर्ष बुडू नये म्हणून वाट दिली. चहावाला म्हणाला, “शेठ, मन मोठं हाय तुमचं.” सगळ्यांचा चहा मी दिला. दोन वेळा. मोठं मन स्वस्तात पडत नाही.

मग दुकानात जाऊन नवा बोर्ड बनवला. ‘सावळारामभाऊंसाठी वाट खुली. सौजन्य — पेंटर.’ हिरव्यावर पांढरं. खाली दोन हात जोडलेले.

अनिता म्हणाली, “वाट दिलीत ना? मग पाटी कशाला?”

“माहितीसाठी.”

“कोणाच्या?”

बायकांना प्रसिद्धीतलं कळत नाही.

३ जून

टिलर गेला. मागे सावळाराम, त्याच्या मागे प्रणित बियाणं घेऊन, सुट्टी टाकून आलेला. कमळवहिनी गळ्यात हात बांधून शेवटी.

वाटेच्या तोंडाशी सावळाराम थांबला. माझा हिरवा बोर्ड वाचला. सगळा. जोडलेल्या हातांपर्यंत. मग डांबरीकडे जाणाऱ्या माझ्या रस्त्याकडे बघितलं. मग माझ्याकडे.

“बरं,” म्हणाला.

बरं! एवढंच! भरल्या घरातून बारा फूट जमीन मोकळी करून देतो, स्वतःच्या हाताने खांब उपटतो, स्वतःच्या खर्चाने बोर्ड बनवतो — आणि ‘बरं’! कमळवहिनीने तर मानही वळवली नाही. उपकार काय असतो ते लोकांना कळतच नाही. मला मात्र कळतं, कारण कुणाचा घेतला नाही.

संध्याकाळपर्यंत पेरणी आटोपली. निम्मा राब होता तरी वाफे नीट काढलेत. माणूस कामाचा आहे, ते नाकारत नाही.

९ जून

मोजणीचा नकाशा आला. तार हद्दीवर, बोटभरही इकडे-तिकडे नाही. जिंकलो.

डांबरीपासून माझ्या फाटकापर्यंतचा रस्ता, एकशे ऐंशी फूट, सगळा सावळारामच्या जमिनीच्या गटात. सोबत त्याच्या १९ मेच्या जबाबाची नक्कल. ‘रस्त्याबाबत हरकत’ — नाही.