निळ्या दारापुढची चप्पल

तीर्थरूप मामांना भाच्याचा हेल्मेटसकट नमस्कार (काढायला वेळ नाही, समजून घ्या). गुडघा कसा आहे? गुडघ्याची सूज आणि मामीचा राग, दोन्ही उतरलं असेल तर तिलाही नमस्कार सांगा.

माझी तब्येत ठणठणीत, असं फोन म्हणतो. घरोघरी सामान पोचवायच्या या कामात तोच माझा मालक, मुकादम आणि सासू. तो "डावीकडे वळा" म्हणाला की वळायचं, पोचलं की पार्सल दारात ठेवून फोटो काढून त्याला दाखवायचा (तोच फोटो तो गिऱ्हाइकाला धाडतो). वर्षभरात तुमच्याकडचं पाट्या रंगवणं सुटलं, पण डोळा मेला गप्प बसत नाही. हल्ली मी फोटोच जमवून काढायला लागलो. ऊन कुठून येतंय, कुंडी कुठे आहे, पार्सल जरा तिरकं. दिवसातली तेवढीच वीस सेकंदं माझी (तीही तो मोजतो).

गेल्या आठवड्यात एका शिंपीणबाईंची चप्पल पोचवायची होती. त्यांचं दार मळकट, शेजारचं निळंशार, त्यावर तिरपं ऊन. खोकं तिकडे नेलं, झकास फोटो काढला, तेवढ्यात फोनने पुढची हाक मारली आणि खोकं तिथेच ठेवून मी पळालो. शेजारणीने आयती आली म्हणून चप्पल पायात घातली. तक्रार झाली, तीन दिवस काम बंद.

माफी मागायला गेलो तर बाई म्हणाल्या, "चप्पल गेली तर गेली मेली. पण फोटो तुझ्यासारख्या वेंधळ्याने काढलाय असं वाटत नाही हो! आणखी काय येतं?" मी फुशारकीत सांगितलं, पाट्या रंगवतो. त्यांनी लगेच दुकानाच्या पाटीसाठी कोरी फळी पुढे केली.

मामा, रेषच येईना. वर्षभर काचेवर टिचक्या मारून हात नुसता उडतो. पहिलीच उभी रेघ अशी आली की बाई म्हणाल्या, "उसवलेली शिवण दिसतेय." आधी हसू आलं, मग रडू, दोन्ही शेजारणीदेखत (त्याच चपलेत उभी होती). फळी बाईंनी माझ्याकडेच दिलीय. "जमेल तेव्हा आण," म्हणाल्या. ती आता खोलीत भिंतीला टेकून माझ्याकडे बघत असते.

बाकी सगळं ठीक. काळजी नसावी.

ता.क.: तुमचा बारीक ब्रश पाठवा, शेंडी तुटकी आहे तोच. मांजराने कुरतडली म्हणालो होतो, पण मीच कापली होती.

ता.क. दुसरा: रेघ ओढताना श्वास धरायचा, हे तुम्ही शिकवलंत. सोडायचा कधी, हे शिकायच्या आतच मी पळून आलो. तेवढं कळवा. वर्षभर धरूनच बसलोय.