बोर्लीच्या अलीकडचा उतार

आप्पा, काल मी तुमची मोटारसायकल घेऊन आपल्या तळा गावाहून हरिहरेश्वरला गेले आणि दिवे लागायच्या आत परतही आले. एकटी, आणि वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली म्हणून सुटलात असं समजू नका, कारण आज मी तुमची चूक काढायला बसले आहे.

मी अठरा वर्षांची होते. तुम्ही गावोगाव विहिरींवरचे पंप दुरुस्त करायचात आणि सुट्टीत मला मागे बसवून न्यायचात. माझ्या मांडीवर पान्यांची पिशवी असायची. मोठा चढ आला की मला खाली उतरवायचात, "चाल जरा, गाडी दमली," आणि उतार लागला की गाडी न्यूट्रलला टाकून, चावी फिरवून इंजिन बंद. "उतार देवानं फुकट दिलाय, त्याला पेट्रोल कशाला जाळायचं?" हे तुमचं ठरलेलं वाक्य. त्या दिवशी काय मनात आलं कोण जाणे, म्हसळ्याच्या पुढे तुम्ही हँडल माझ्या हातात दिलंत आणि स्वतः मागे बसलात. बोर्लीच्या अलीकडचा उतार आला तसं मागून म्हणालात, "बंद कर." मी बंद केलं. गाडी अशी सुटली की दोन्ही ब्रेक दाबूनही आवरेना, आणि वळणावर आपण दोघं लाल मातीच्या चरात. तुम्हाला खरचटलं, माझं गळ्याजवळचं हाड मोडलं. दवाखान्यात आईला म्हणालात, "पोरीच्या जातीला गाडी न्हाय झेपायची. माजीच चूक, दिली हातात." मी डोळे मिटून पडले होते, पण जागी होते. तुमचा शब्द मी खरा मानला, आप्पा. पस्तीस वर्षं मागेच बसत आले, आधी तुमच्या, मग नवऱ्याच्या, आणि लाज म्हणजे पुढे लेकीच्याही.

त्याच लेकीने गेल्या वर्षी पडवीत ताडपत्रीखाली पडलेली तुमची गाडी दुरुस्त करून आणली आणि मला शाळेच्या मैदानात शिकवायला घेतलं. मग रस्त्यावरच्या पहिल्या उतारावर माझा हात आपसूक चावीकडे गेला तशी ती मागून ओरडली, "आई, काय करतेस? इंजिन बंद केल्यावर गाडीला धरून कोण ठेवणार? नुसत्या ब्रेकवर उतरतात का कधी! दुसऱ्या गिअरला ठेव, ती स्वतःच हळू होते." मी गाडी थांबवली आणि बाजूच्या गवतात बसले. तिला वाटलं मला चक्कर आली. चक्कर कसली, संताप होता. पस्तीस वर्षांचा.

म्हणून काल निघाले. किक तिसऱ्या खेपेला लागली. म्हसळ्यापर्यंत हात दगडासारखे घट्ट, मग वळणांमागून वळणं येत गेली तसे खांदे आपोआप सैल झाले. चढावर मला कुणी उतरवलं नाही, गाडीही दमली नाही. आणि मग तो उतार. जांभ्याचा कठडा तसाच आहे, चर तेवढा बुजलाय. मी दुसरा गिअर टाकते, गाडी गुरगुरत माझ्या ऐकण्यात राहते, वळण येतं, आणि वळण मागे जातं. बस्स, एवढंच. मी इतक्या मोठ्याने ओरडले की कठड्यावरचं माकड पळालं.

बोर्लीत टपरीवर चहा-भजी घेतली. टपरीवाला म्हातारा गाडीभोवती फिरून आला.

"ही पंपवाल्या आप्पांची ना? तुमी पोर त्यांची?"

"व्हय."

"मंग त्या वळणावर नीट आलाव ना? आप्पा तिथं एकलेच दोनदा आडवे झालते, तुमी ल्हान आसाल तवा. इंजिन बंद करून यायचे ना! मीच उचलून आनलं दोनी टायमाला. वर मलाच दम, 'घरी कळता कामा न्हाय.'"

दोनदा! आणि घरी काय सांगितलंत, तर पंप चढवताना गुडघा सोलला. मी इतकी हसले की चहा बशीत सांडला आणि बशीतून साडीवर. मग रडूही आलं. दवाखान्यात "मी पण पडलोय तिथं" एवढं म्हणाला असतात तर हाड तेवढंच दुखलं असतं, पण मी दुसऱ्या दिवशी पुन्हा हँडल मागितलं असतं. जाऊ दे. आता मागायची गरज उरली नाही. गाडी माझी आहे.

हा कागद तुमच्या पान्यांच्या पिशवीत ठेवते आहे. घरात तिला माझ्याशिवाय कुणी हात लावत नाही, आणि ते बरंच आहे. कारण हरिहरेश्वरच्या अलीकडे शेवटचा उतार लागला, सरळसोट, पुढे-मागे चिटपाखरू नाही, खाली समुद्र दिसत होता, आणि मी गाडी न्यूट्रलला टाकून चावी फिरवली. आवाज थांबला. पदरात वारा भरला, लाटा ऐकू यायला लागल्या, आणि गाडी आपली फुकटात चालली होती. का बंद करायचात ते कळलं मला, आप्पा. नुसत्या पेट्रोलसाठी नव्हतं ते.

संध्याकाळी लेकीने विचारलं, "उतारावर गिअरमध्येच ठेवलीस ना?"

"हो तर," मी म्हटलं.

घरी कळता कामा न्हाय.