घरमालकिणीची भाषा

ती. आईस साष्टांग नमस्कार.

तब्येत ठणठणीत आहे, फक्त डोकं तापलेलं आहे. खोली हवेशीर आहे. जेवणही वेळेवर होतं, एकट्याचं असलं तरी. तुझा गुडघा कसा आहे? धाकटा दवाखान्यात नेतो ना, की नुसताच हो म्हणतो?

"देश ओळखीचाच आहे, फक्त शहर नवं," असं मी निघताना छातीठोकपणे म्हणालो होतो. कपाळ माझं. इथली भाषा मी तरुणपणी त्या म्हाताऱ्या घरमालकिणीकडून शिकलो, हे तुला माहीत आहेच. पण मी अगदी तिच्यासारखा बोलतो, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. कारखान्यात पहिल्याच दिवशी शेजारच्या शिंप्याकडे कात्री मागितली, तर सगळे पोट धरून हसले. "अगं बये, कात्री दे गं," अशा थाटात मागितली होती म्हणे. तेव्हापासून मुकादम मला आजीबाई म्हणतो. पाववालासुद्धा हसतो आणि विचारतो, "कुठल्या देशाचा?" अरे, तुमच्याच देशात माझी उमेदीची वर्षं गेली.

काल औषधाच्या दुकानात (साधा खोकला आहे, घाबरू नकोस) एक नव्वदीची बाई माझं बोलणं ऐकून थबकली. म्हणाली, "कुठल्या गल्लीतला रे तू?" देश नाही विचारला, गल्ली विचारली, जणू मी इथलाच.

राग निवळला असं लिहिलं तर तुला बरं वाटेल. पण नाही निवळला, उलट वाढला. एवढं साधं विचारायला माणसाला नव्वदी गाठावी लागते का?

तुझा थोरला,
म्हणजे इथली आजीबाई